किल्ला दमणला, सरहद्द सिल्वासात

आमच्या मंडळात काही वर्षांपूर्वी मी पेशवे-पोर्तुगीज संबंधांवर एक निबंध वाचला होता. त्यात एक वाक्य होते : ‘१७८३ साली पुणे दरबाराने नगर हवेली परगणा पोर्तुगीजांना देऊन टाकला.’ कोणी हरकत घेतली नाही, मलाही त्यात काही खटकले नाही. गेल्या हिवाळ्यात सिल्वासा आणि दमण अशी तीन दिवसांची सफर गाडीने केली आणि ‘देऊन टाकला’ हे दोन शब्द टोचायला लागले. हा लेख त्या सफरीचा वृत्तांत आहे आणि त्या दोन शब्दांची जाहीर दुरुस्तीही.

आधी स्वतःबद्दल थोडे. मी पेशाने स्थापत्य अभियंता. इतिहासाची पदवी नाही. मोडी शिकलो तेही पंचेचाळिशीनंतर. त्यामुळे जुनी वास्तू पाहिली की माझे डोळे आधी सांधे, उतार, पाण्याचा निचरा बघतात. राजे-सरदार नंतर आठवतात. वाचकांनी तेवढे सांभाळून घ्यावे.

नदीच्या बरोबरीने

नाशिकहून सकाळी सहाला निघालो. बेत असा होता की दमणगंगेच्या उगमाकडून मुखाकडे जायचे. ही नदी दिंडोरी तालुक्यात आंबेगावजवळ सह्याद्रीत उगम पावते आणि सुमारे १३१ किलोमीटर वाहून दमणला समुद्राला मिळते. वाटेत मधुबन धरण, मग सिल्वासा, आणि शेवटी मोटी दमण व नानी दमण यांच्या मधून खाडी. म्हणजे दादरा-नगर हवेलीचा सगळा इतिहास या एका नदीच्या खोऱ्यात बसतो. रस्ता अर्थात नदी सोडून जातो. पेठपर्यंत घाट, मग सागाची झाडे, मग कपराडा. दुकानांवरच्या पाट्या मराठीतून गुजरातीत कधी गेल्या ते कळले नाही. घरे मात्र तीच, कुडाची, शेणाने सारवलेली. वारली आणि कोकणा वस्ती सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच आहे.

कपराड्याच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा सौ.ने विचारले, “सिल्वासाला किल्ला कुठे आहे नेमका?”

म्हटले, “सिल्वासाला किल्ला नाही.”

“मग आपण कशाला चाललोय?”

प्रश्न चेष्टेचा होता, पण मला तो सोडवेना. दमणला पोर्तुगीजांनी नदीच्या दोन्ही काठांवर दोन किल्ले बांधले. तिथून जेमतेम तासाभराच्या अंतरावर नगर हवेली, बहात्तर गावांचा मुलूख, जवळजवळ पावणेदोनशे वर्षे त्यांच्याकडे. सरहद्दीचा मुलूख म्हणजे तर तटबंदी हवीच. इथे ती का नाही?

सिल्वासा

पहिला मुक्काम सिल्वासाला. आज हे कारखान्यांचे गाव आहे. रस्त्यावर कामगारांच्या बसेस, उत्तर भारतीय खाणावळी, टोलेजंग इमारती. जुने पोर्तुगीज गाव शोधायला फार पायपीट करावी लागत नाही, कारण ते फार मोठे नव्हतेच. १८८५ साली राजाज्ञेने सिल्वासाला शहराचा दर्जा आणि ‘व्हिला द पासो द आर्कुश’ असे लांबलचक नाव मिळाले. ते नाव लोकांच्या तोंडी बसले नाही. चर्च १८९७ चे. थोडक्यात, दगडात दिसणारे पोर्तुगीज सिल्वासा हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे आहे. त्याच्याआधीची शंभर वर्षे पाहायची तर कागदाकडेच जावे लागते.

आणि कागद मराठी आहेत.

वसूल कोणाचा, मुलूख कोणाचा

ही गोष्ट थोडी मागून सांगायला हवी. दमणची सरहद्द ही पहिल्यापासून पैशाची सरहद्द होती. दमणच्या परिसरातून रामनगरचा राजा पोर्तुगीजांकडून चौथ घेई. म्हणून पोर्तुगीज त्याला ‘चौथिया राजा’ म्हणत. १६७२ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने जव्हार आणि रामनगर घेतले. रामनगर आमच्याकडे आले, तर रामनगरची चौथही आमचीच, असा दावा मग महाराजांनी दमणवर लावला. किल्ल्याला हात न लावता त्याच्या आसपासच्या गावांच्या वसुलीवर हक्क सांगायचा, हे राजकारण इथे जुने आहे.

१७३७ ते १७३९ च्या चिमाजी आप्पांच्या मोहिमेने वसईपासून उत्तरेचा पोर्तुगीज मुलूख मराठ्यांकडे आला. दमणचा किल्ला राहिला, पण त्याच्या पाठीशी असलेला मुलूख गेला. किल्ला म्हणजे तोंड आणि परगणा म्हणजे पोट, असे धरले तर दमणचे पोट कापले गेले.

पुढचा टप्पा १७७२ चा. ‘सांताना’ नावाच्या पोर्तुगीज फ्रिगेटीचे मराठी आरमाराकडून नुकसान झाले. त्याची भरपाई पोर्तुगीज मागत राहिले. इकडे पुण्यात राघोबादादांचे प्रकरण, इंग्रजांशी युद्ध सुरू, पेशवा सवाई माधवराव पाच वर्षांचा, कारभार नाना फडणविसांकडे. अशा वेळी पोर्तुगीजांनी इंग्रजांना जाऊन मिळू नये, ही पुण्याची गरज होती. १७ डिसेंबर १७७९ ला तह झाला. मैत्रीच्या बदल्यात दमणच्या बाजूची वर्षाला बारा हजार रुपये वसुलाची गावे लावून द्यायचे ठरले. त्याप्रमाणे १७८३ मध्ये नगर हवेलीची आणि १७८५ मध्ये दादऱ्याची गावे लावून दिली गेली.

हिशेब बघा. तहात किती चौरस कोस जमीन, याला महत्त्व नाही. महत्त्व बारा हजार रुपयांना आहे. आधी रक्कम ठरली, मग ती रक्कम भरेल इतकी गावे मोजली. आमच्या खात्यात आधी बजेट मंजूर होते आणि मग त्यात किती रस्ता बसतो ते बघतात, तसेच हे. ज्याला पहिल्यापासून मुलूखच द्यायचा असतो तो अशा क्रमाने मोजत नाही.

या प्रकाराला मराठी राज्यव्यवहारात शब्द आहे : सरंजाम. सेवेच्या किंवा मैत्रीच्या बदल्यात गावांचा वसूल लावून देणे. जमीन सरकारची, वसूल सरंजामदाराचा. माझ्या निबंधातले ‘देऊन टाकला’ इथे पहिल्यांदा डळमळले. पण कागदावर डळमळणे वेगळे आणि भिंतीसमोर उभे राहून पटणे वेगळे. ते दुसऱ्या दिवशी झाले.

एका रस्त्यात चार सरहद्दी

सिल्वासाहून दमणला जाताना एक मौज होते. नगर हवेलीतून निघालात की गुजरात लागतो. थोड्या वेळात दादरा. दादरा संपला की पुन्हा गुजरात, त्यात वापीचा गजबजाट. मग दमण. तासाभराच्या रस्त्यात चार वेळा हद्द ओलांडायची. २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे, तरी तुकडे नकाशावर होते तिथेच आहेत.

गुजरातेत दारूबंदी, या प्रदेशात नाही. त्यामुळे परतताना एका चौकीवर आमची डिकी उघडून पाहिली. आत दोन पाण्याच्या बाटल्या, एक सतरंजी आणि माझी मोडीची वही. पोलिसाने वही उघडली, उलटी धरली, सुलटी धरली आणि परत दिली. सौ.ला हसू आवरेना. मला मात्र वाटले, या मुलखाची सरहद्द अशीच होती की : एक आडवा बांबू, एक छपरी, दोन शिपाई आणि कागद तपासणारा एक माणूस.

हाच तो रस्ता, ज्याच्यावरून पुढे हेगच्या न्यायालयात भांडण झाले. त्याबद्दल नंतर.

दमणचा तट

मोटी दमणच्या किल्ल्याकडे पहिल्यांदा नजर जाते तेव्हा आपल्या किल्ल्यांची सवय आड येते. आपला बुरूज गोल. इथे सगळे कोनात. दहा बुरूज, तिरपे, बाणाच्या टोकासारखे बाहेर आलेले. दोम कोन्स्तांतिनु द ब्रागांसाने १५५९ मध्ये दमण घेतले आणि हे बांधकाम सुरू झाले. त्या काळी युरोपात तोफांमुळे किल्ल्यांची रचनाच बदलली होती, ती रचना इथे जशीच्या तशी दिसते.

गोल बुरजाची एक अडचण असते. बुरजाच्या अगदी पायथ्याशी, पुढच्या बाजूला, शत्रू येऊन चिकटला तर शेजारच्या बुरजावरून तो दिसत नाही. तिथे एक आंधळा तुकडा तयार होतो. तिथे बसून सुरुंग लावता येतो. बुरजाला कोन दिला आणि बाजू सरळ ठेवल्या, की एका बुरजावरची तोफ शेजारच्या बुरजाच्या भिंतीला समांतर मारा करते. आंधळा तुकडा उरत नाही. माझ्या वहीत मी तिथेच उभा राहून दोन बुरजांमधल्या माऱ्याच्या रेषा काढल्या. प्रत्येक भिंतीला दुसऱ्या कुठल्यातरी भिंतीचे संरक्षण आहे. १६३८-३९ मध्ये औरंगजेबाने दमणला वेढा घातला होता. त्याला ते घेता आले नाही.

दरवाजातून आत शिरताना सौ. म्हणाली, “अहो, एवढा दरवाजा आणि आत कलेक्टर कचेरी?” खरेच आहे. आत सरकारी कचेऱ्या आहेत, झाडे आहेत, १६०३ चे बों जेझुस चर्च आहे, कोरीव लाकडी वेदीसकट. मला हे आवडले. रिकामा किल्ला लवकर मरतो. रोज दहा वाजता कारकून येतात, पावसाळ्यात गळती लागली की कोणीतरी तक्रार करतो, म्हणजे कोणीतरी छपरावर चढतो.

नदीच्या पलीकडे नानी दमणला संत जेरोमचा किल्ला. १६१४ मध्ये जेरोनिमु द अझेवेदु व्हाइसरॉय असताना सुरू झाला, १६२७ मध्ये पुरा झाला. व्हाइसरॉयचे नाव आणि संताचे नाव एकच, हा योगायोग नसावा. दरवाजावर संताची मोठी मूर्ती आहे आणि बाजूला दोन दांडगे द्वारपाल. मूर्तीचे तोंड नदीकडे, म्हणजे येणाऱ्या गलबतांकडे. हा किल्ला लहान आहे, तटावरून चालत पूर्ण फेरी मारता येते, आणि वरून खाडी, मासेमारीच्या बोटी आणि समोरचा मोटी दमणचा तट एका दृष्टिक्षेपात येतो. ज्यांना एकच किल्ला पाहायला वेळ आहे त्यांनी मोटी दमण आतून पाहावे आणि नानी दमणच्या तटावरून समोरून पाहावे.

चुना आणि माझी चूक

जुन्या किल्ल्यांच्या दुरुस्तीबद्दल बोलताना मला माझी एक गोष्ट सांगायलाच हवी. नव्वदच्या दशकात नोकरीला नवा असताना एका नदीकाठच्या जुन्या घाटाची डागडुजी माझ्याकडे आली. चुन्यातले दगडी बांधकाम, सांधे मोकळे झालेले. मी मोठ्या उत्साहाने सगळे सांधे खरवडून सिमेंटचे पॉइंटिंग करून घेतले. काम देखणे झाले, शाबासकी मिळाली. पाच-सहा पावसाळ्यांनंतर पुन्हा गेलो तर सिमेंट जागच्या जागी होते आणि दगडांचे पापुद्रे निघत होते.

कारण साधे आहे. भिंतीत पाणी शिरतेच. चुन्याचा सांधा मऊ आणि सच्छिद्र, पाणी त्यातून बाहेर पडते. झीज झाली तर सांध्याची होते, आणि सांधा पुन्हा भरता येतो. सिमेंटने ती वाट बंद केली की पाणी दगडातून वाट काढते, बरोबर क्षार आणते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि दगड सोलून काढतात. समुद्राकाठी तर खाऱ्या हवेमुळे हे आणखी लवकर होते. मी सांधा वाचवला आणि दगड घालवला.

तेव्हापासून कुठल्याही तटाजवळ गेलो की आधी सांध्यात बोट घालतो. भुरभुरीत चुना लागला की बरे वाटते. दमणलाही तेच केले.

पुढे जाऊन हेच मला इतिहासाबद्दलही वाटायला लागले आहे. जुन्या कागदातल्या ‘सरंजाम’ या सच्छिद्र शब्दाच्या जागी मी ‘देऊन टाकला’ हे सिमेंट भरले होते.

साग, अफू आणि एक जहाज

दमण हे नुसते लष्करी ठाणे नव्हते, बंदर होते. इथले आणि दीवचे वाणी व्यापारी आफ्रिकेच्या किनाऱ्याशी, मोझांबिकशी, कापडाचा व्यापार करत. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात इंग्रजांची मक्तेदारी चुकवून माळव्याची अफू राजस्थान-सिंधमार्गे कराचीला आणि तिथून समुद्राने दमणला येई, पुढे चीनकडे जाई. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांकडे गेला आणि तो ओघ आटला.

पण सिल्वासाच्या दृष्टीने महत्त्वाचा माल म्हणजे साग. दमणच्या गोदीत जहाजे बांधली जात आणि लाकूड नगर हवेलीच्या जंगलातून येई. बारा हजारांच्या वसुलाच्या नावाने आलेल्या परगण्याची खरी किंमत ही होती.

त्याच १८४३ सालात दमणच्या गोदीतून एक फ्रिगेट पाण्यात सोडली गेली : ‘दोम फेर्नांदु सेगुंदु इ ग्लोरिया’. नगर हवेलीच्या सागाची. पोर्तुगीज आरमाराची ही शेवटची निव्वळ शिडांवर चालणारी युद्धनौका. १९६३ मध्ये लिस्बनजवळ तिला आग लागली आणि तिचा जळका सांगाडा तेजो नदीच्या चिखलात जवळपास तीस वर्षे पडून राहिला. मग तो वर काढला, डागडुजी केली आणि १९९८ च्या लिस्बनच्या जागतिक प्रदर्शनात ती पुन्हा उभी राहिली. आज ती लिस्बनच्या समोरच्या काठावर अल्मादाला संग्रहालय म्हणून आहे.

हे मला दमणच्या धक्क्यावर बसल्या बसल्या उमगले, आणि मी जरा वेळ गप्प झालो. एका फ्रिगेटीच्या नुकसानीची भरपाई म्हणून परगणा लावून दिला. साठ वर्षांनी त्याच परगण्याच्या झाडांतून दुसरी फ्रिगेट तयार झाली. ‘सांताना’ची भरपाई पोर्तुगीजांनी अक्षरशः लाकडात वसूल केली.

दुरुस्ती म्हणजे काय, हाही प्रश्न इथे येतो. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये बेंट्स ओल्ड फोर्ट नावाचे सरहद्दीवरचे व्यापारी ठाणे आहे. १८३३ मध्ये कच्च्या विटांनी बांधलेले, १८४९ मध्ये सोडून दिलेले, पुढे मातीला मिळालेले. एका लष्करी अधिकाऱ्याने १८४६ मध्ये काढलेली रेखाटने आणि उत्खननात सापडलेला पाया यांवरून १९७६ मध्ये ते पुन्हा उभारले. तिथे रेखाटने होती, म्हणून भिंती उभ्या राहिल्या. दमणला भिंतीच होत्या, फक्त सांधे सांभाळायचे. लिस्बनला जळका सांगाडा होता. सिल्वासात काय सांभाळायचे? तिथे वास्तूच्या जागी एक शब्द आहे.

चौकी पडली तो दिवस

१९५४ च्या घटना पुष्कळ वाचकांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात. २२ जुलैच्या सुमारास युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या कार्यकर्त्यांनी दादरा घेतला. तिथला पोर्तुगीज पोलीस अधिकारी अनिसेतु दु रोझारियु मारला गेला. तो आपल्या चौकीवर राहिला, हे नोंदवायला हवे. २८ जुलैच्या सुमारास नरोली पडली. २ ऑगस्टला सिल्वासाची पोलीस चौकी घेणाऱ्या तुकडीत पुण्याहून गेलेले तरुण होते : राजाभाऊ वाकणकर, नाना काजरेकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे आणि इतर. मोहिमेच्या निधीसाठी लता मंगेशकर यांनी पुण्यात हिराबागेत कार्यक्रम केला होता. तलासरी भागातले कम्युनिस्ट कार्यकर्ते आणि वारलीही या लढ्यात वेगळ्या वाटेने उतरले होते. पुण्याच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख कमी येतो, तो मी मुद्दाम करतो. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो सुमारे दीडशे पोलिसांसह खानवेलकडे मागे हटला आणि ११ ऑगस्टला उधव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला.

आता सौ.च्या प्रश्नाकडे. इथे वेढा का पडला नाही? तट का नव्हता? माझे उत्तर असे : १८१८ पर्यंत हा मराठ्यांनी लावून दिलेला सरंजाम होता, कोट बांधून बसायचा मुलूख नव्हता. १८१८ नंतर आजूबाजूला इंग्रज आले. इंग्लंड आणि पोर्तुगाल हे जुने दोस्त. मग तट कोणाविरुद्ध बांधायचा? परगण्याचे संरक्षण दमणच्या भिंतींनी केले नाही, इंग्रजांच्या दोस्तीने केले. १९४७ ला इंग्रज गेले आणि ती अदृश्य भिंत गेली. उरल्या चौक्या, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायला दुसऱ्याच्या हद्दीतून जाणारा रस्ता.

हेगला मराठी शब्द

भारताने तो रस्ता सैन्य-पोलिसांसाठी बंद केला. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रसंघात दाखल झाला आणि २२ डिसेंबरला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. आमचा मुलूख, तिथे जायची वाट आम्हाला द्या.

मग १७७९ चा तह आणि १७८३, १७८५ च्या सनदा हेगला उलगडल्या गेल्या. पोर्तुगालचे म्हणणे, सार्वभौमत्व मिळाले. भारताचे म्हणणे, वसूल मिळाला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की मराठ्यांनी दिला तो सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे. त्याचे एक कारण मला फार मार्मिक वाटले. या कागदांत पोर्तुगीजांना त्या गावांतले बंड मोडायची परवानगी दिली आहे. न्यायालय म्हणते, गावे पूर्ण त्यांचीच करून द्यायची असती, तर स्वतःच्या मुलखातले बंड मोडायला त्यांना कोणाच्या परवानगीची गरज काय? एका कलमातून मालक कोण ते कळते.

पण इथेच थांबलो तर मी पुन्हा सिमेंट भरल्यासारखे होईल. निकालाचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. इंग्रज मराठ्यांच्या जागी आले तेव्हा पोर्तुगीज तिथे मालकासारखे वागत होते, आणि इंग्रजांनी ते चालू दिले. त्यामुळे पोर्तुगालचे सार्वभौमत्व पुढच्या काळात मान्य झाले, असे न्यायालयाने धरले. म्हणून अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले की खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाटेचा हक्क होता. आठ विरुद्ध सात मतांनी ठरले की सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हता. आणि नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले की भारताने आपले कर्तव्य मोडले नाही. रस्ता होता, बंदुकीला नव्हता.

म्हणजे पुणे दरबाराने परगणा ‘देऊन टाकला’ नव्हता. पण तो हातचा गेला हेही खरे. मराठे राहिले नाहीत आणि वसुलाचा हक्क हळूहळू मालकी झाला. दिला तेव्हा सरंजाम होता, परत मागणारा उरला नाही तेव्हा मुलूख झाला. माझ्या निबंधातले वाक्य आता मी असे वाचतो : ‘१७८३ साली पुणे दरबाराने नगर हवेली परगण्यातला वसूल पोर्तुगीजांना सरंजाम म्हणून लावून दिला. १८१८ नंतर तो परत घेणारी सत्ता उरली नाही.’ मंडळाच्या दप्तरात ही दुरुस्ती लावून घ्यावी, ही विनंती.

पुढचे सर्वांना माहीत आहे. सात वर्षे मुक्त प्रदेशाचा कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला. विलीनीकरणाच्या करारावर सही करायला कोणीतरी राज्यप्रमुख हवा, म्हणून सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते पंतप्रधान केले गेले. ११ ऑगस्ट १९६१ ला प्रदेश भारतात आला. दमणला मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत थांबावे लागले, आणि तिथे तट होता म्हणून फौज लागली. ती होती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण.

परतीची वाट

तिसऱ्या दिवशी खानवेल आणि उधव्यावरून तलासरीकडे निघालो. फिदाल्गोची वाट, उलट नव्हे, अगदी तीच. खानवेलला एका झाडाखाली एक म्हातारे वारली बाबा बसले होते. त्यांच्याशी थोडे बोललो. पोर्तुगीजांबद्दल विचारले तर त्यांनी जंगलाकडे हात केला आणि म्हणाले, “तेव्हाही साग सरकारचा, आताही साग सरकारचा.” मी वहीत तेवढेच लिहिले. सरंजाम, सार्वभौमत्व, वाटेचा हक्क या सगळ्या चर्चेत ज्यांच्या गावांचा वसूल मोजला गेला त्यांना कोणीच विचारले नव्हते. हेगलाही नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. नाशिक-पेठ-कपराडा हा रस्ता पावसाळ्यात सुंदर असतो, पण घाटात धुके असते, अंधारात टाळा. दमणचे किल्ले सकाळी लवकर पाहा, तटावर सावली नाही. आणि सिल्वासा वगळून थेट दमणला जाऊ नका. आधी सिल्वासा पाहा, मग दमण. किल्ला नसलेले ठाणे पाहून मग किल्ला पाहिला की भिंत कशासाठी असते ते जास्त कळते.

शेवटी एक मागणे. १९५४ च्या मोहिमेत गेलेल्यांच्या घरी पत्रे, फोटो, रेल्वेची तिकिटे, काहीही असेल, तर त्याची छायाप्रत मंडळाकडे द्यावी. सिल्वासाला उभारून दाखवता येईल असा तट नाही. हे कागद जपणे हीच तिथली डागडुजी.